बाळूला बॅटिंग नाही

भातकापणी उरकली, झोडणी झाली, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या की आमच्या संगमेश्वराकडचे मळे मोकळे होतात. मोकळे म्हणजे काय, पोरांना आंदणच मिळतात! मेरा ओलांडत, धसकटं पायांना टोचत असताना अनवाणी धावत टेनिस बॉलचं क्रिकेट सुरू होतं, ते थेट शिमग्यापर्यंत.

माझ्या लहानपणी ह्या खेळात आम्हा मुलींचं काम ठरलेलं होतं. गडग्यापलीकडे गेलेला बॉल शोधून आणायचा. करवंदीच्या जाळीत गेला तर तोही आम्हीच आणायचा. दादालोकांना प्रॅक्टिस करायची असली की बॉलिंग टाकायची. बॅटिंग? ती सगळ्यांत शेवटी. आणि आमची पाळी यायची तेव्हा नेमकी दिवेलागण झालेली असायची, घरातून हाक आलेली असायची. तुमच्यापैकी कितीजणींच्या बाबतीत असंच झालंय, ते मला पत्रातून नक्की कळवा. माझी खात्री आहे, टपाल भरपूर येईल.

पण एक सांगू? बॅट मिळाली नाही याची रुखरुख आहेच, तरी त्या बॉलिंगची आठवण काही वाईट नाही. दवानं ओलसर झालेला, केसाळ कातडं झिजून गुळगुळीत झालेला तो बॉल बोटांत धरला की काहीतरी व्हायचं. सोडताना बोटं जरा फिरवली की तो टप्पा पडून भलतीकडेच वळायचा, आणि एरवी आमच्यावर हुकूम सोडणारे दादालोक हवेत बॅट फिरवून बावचळल्यासारखे मागे बघायचे. तेवढा एक क्षण आमचा असायचा. मग पुन्हा बॉल आणायला पळा!

हे सगळं आठवायला कारण झालं. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका संध्याकाळी कसब्याकडून परत येताना मळ्यात पाच-सहा मुलीच खेळताना दिसल्या. एकही मुलगा नाही. बॅट त्यांच्याच हातात. मी मेरेवर उभी राहून बघत बसले, आणि मला आठवला तो शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा एक बॉलर. त्याचंही मूळ आपल्या कोकणातलंच. त्यानं वर्षानुवर्षं बॉलिंग टाकली, अगदी हाताचे तुकडे पडेपर्यंत टाकली, पण नेटमध्ये त्याला कुणी एकदाही बॅट दिली नाही. पालवणकर बाळू त्याचं नाव.

नाव ऐकलेलं असेल, नसेलही. सचिन, सुनील आपल्याला घरच्या मुलांसारखे माहीत. पण भारतीय क्रिकेटमधला पहिला खरा मोठा बॉलर कोण, तर जाणकार बाळूचंच नाव घेतात. मधली कित्येक वर्षं तो विस्मरणात गेला होता. २००२ साली इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी भारतीय क्रिकेटवरच्या आपल्या पुस्तकात त्याची हकीकत तपशिलानं मांडली, तेव्हा पुन्हा लोक त्याच्याविषयी बोलायला लागले.

पालवणकर हे आडनाव पालवण गावावरून आलेलं. बाळूचा जन्म मात्र १८७५-७६ च्या सुमारास धारवाडला झाला. घराणं चर्मकार समाजातलं. वडील लष्करात चाकरीला, त्यामुळे कुटुंब पुण्याला आलं. लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि बॉल घेऊन बाळू आणि त्याचा धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. मोडकं सामान, पण खेळ खराच की!

शाळा लवकर सुटली. पुण्यातल्या पारशी लोकांच्या एका क्रिकेट क्लबात बाळू कामाला लागला. पगार महिना तीन रुपये. काम काय, तर पीच झाडायचं, रोलर फिरवायचा, आणि कधी मधी सभासदांना प्रॅक्टिससाठी बॉलिंग टाकायची. १८९२ च्या सुमारास तो पुण्यातल्या गोऱ्या साहेबांच्या क्लबात गेला. तिथे एक रुपया वाढला, चार रुपये झाले. कामही वाढलं. पीच तयार करा, नेट बांधा, टेनिस कोर्टावर चुना आखा. पहाटे उठून सडा-सारवण करणारीला हे वेगळं समजावून सांगायला नको. दुसऱ्यांनी येऊन मिरवायचं, त्याआधी अंगण आपण लखलखीत करून ठेवायचं.

ट्रॉस नावाच्या एका साहेबानं सहज म्हणून बाळूच्या हातात बॉल दिला आणि त्याला नेटमध्ये बॉलिंग टाकायला लावली. बाळू डावखुरा. बॉलिंग संथ, पण बॉल असा वळायचा की समोरचा चक्रावून जायचा. हळूहळू तिथल्या साहेबांना त्याच्या बॉलिंगची चटक लागली. सगळ्यांत जास्त लागली ती जे. जी. ग्रेग नावाच्या बुटक्याशा अधिकाऱ्याला. नावाच्या आद्याक्षरांवरून लोक त्याला जंगली ग्रेग म्हणायचे, पण फलंदाज म्हणून तो भलता शिस्तीचा. हा साहेब म्हणे बाकीच्यांच्या तासभर आधी मैदानावर हजर व्हायचा, आणि बाळूला बॉलिंग टाकायला सांगायचा. बाळूनं आपल्याला आउट केलं की दर वेळी आठ आणे बक्षीस. (हाच ग्रेग म्हातारपणी ख्रिस्ती धर्मगुरू झाला. माणसाचं कुठं काय होईल सांगता येत नाही.)

आता आपण बायका हिशेबाला पक्क्या. आठ वेळा आउट केलं की चार रुपये, म्हणजे महिन्याचा पगार! गरिबाच्या पोरासाठी ही काय साधी गोष्ट होती? तेव्हा बाळू का खेळायचा, ह्याचं पहिलं उत्तर सरळ आहे. पैशासाठी. त्यात कमीपणा कसला? पोट भरलेल्यांनाच खेळ नुसता खेळ म्हणून परवडतो.

पण नुसत्या आठ आण्यांनी कुणी असा बॉलर होत नाही. संथ बॉलिंग ही काही ताकदीची गोष्ट नाही. ती बोटांच्या पेरांची, मनगटाची गोष्ट आहे. पोळी लाटताना लाटणं जरा इकडं जास्त दाबलं तर पोळी फिरत नाही, हे आपल्या हाताला कळतं, डोक्याला नंतर कळतं. तसंच हे. लाल, टणक, नवा बॉल हातात गार लागतो. शिवणीचा उंचवटा बोटाला टोचतो. तासाभरानं तोच बॉल खरखरीत होतो, मऊ पडतो, मग त्याला वेगळं धरावं लागतं. पीच ओलं असलं तर एक, भेगाळलं असलं तर दुसरं. आणि पीचची जात बाळूपेक्षा जास्त कोण ओळखणार? रोलर त्यानंच फिरवला होता, झाडलंही त्यानंच होतं. ज्या जमिनीवर आपण पाणी मारलं ती कुठे धरेल, कुठे सुटेल, हे पायांना माहीत असतं. साहेबलोक जे काम हलकं समजून त्याच्याकडून करून घेत होते, त्याच कामानं त्याला त्यांच्यापेक्षा शहाणं करून ठेवलं. मला ह्या सगळ्या हकिकतीतली ही गोष्ट सगळ्यांत आवडते.

आणि बॅटिंग? त्या क्लबात शेकडो तास बॉलिंग टाकूनही बाळूला नेटमध्ये बॅट कुणी दिली नाही. बॅटिंग ही बड्या लोकांची मिजास. राबायचं काम बॉलरचं.

पुण्यात हिंदू खेळाडूंचाही एक क्लब होता. त्यांना गोऱ्यांच्या क्लबाला हरवायचं होतं, आणि हरवायचं तर बाळू हवाच होता. पण बाळूला घ्यायचं कसं? काही तेलुगू सभासद म्हणाले घ्या, काही पुणेरी ब्राह्मण सभासद म्हणाले नको. ग्रेगनं म्हणे उघडपणे सांगितलं, बाळूला बाहेर ठेवाल तर तुमच्यासारखे मूर्ख तुम्हीच. शेवटी घेतलं.

आता पुढचं वाचा. मैदानावर सगळे एकच बॉल हाताळायचे. बाळूच्या घामाचा बॉल विकेटकीपरच्या हातात जायचा, तिथून स्लिपमध्ये, तिथून पुन्हा बाळूकडे. गंमत म्हणजे तो बॉल चामड्याचा! त्याला कुणाचा विटाळ झाला नाही. पण चहाची वेळ झाली की बाकीचे खेळाडू पॅव्हेलियनमध्ये चिनीमातीच्या पांढऱ्या कपातून चहा प्यायचे, आणि बाळूला बाहेर, मातीच्या भांड्यातून. पिऊन झालं की ते फेकून द्यायचं. जेवणाचं ताट वेगळं, टेबल वेगळं. हात-तोंड धुवायचं असेल तर त्याच्याच समाजाबरोबरीचा एक नोकर किटली घेऊन मैदानाच्या कोपऱ्यात यायचा आणि वरून पाणी ओतायचा.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या ओंजळीत ते पाणी पडल्यासारखं वाटलं. कावळा शिवला की चार दिवस मागच्या पडवीत बसणाऱ्या, वेगळा तांब्या, वेगळं ताट, वरून ओतलेलं पाणी ओंजळीत घेणाऱ्या बायका मी घरात पाहिल्या आहेत. तुम्हीही पाहिल्या असतील, कुणी स्वतः बसलाही असाल. पण एक फरक विसरून चालणार नाही. आपल्याला पाचव्या दिवशी न्हाऊन स्वयंपाकघरात येता यायचं. बाळूला पाचवा दिवस नव्हता. आणि खरं बोलायचं तर, चार दिवस बाहेर बसलेल्या आपल्याच आज्या-पणज्या बाळूच्या घरच्यांना वरूनच पाणी घालत होत्या. आपण सोसलं, म्हणून आपण दुसऱ्याला सोसायला लावलं नाही, असं काही झालं नाही.

अशा वेळी माणूस बॉल फेकून देऊन घरी का जात नाही? मला वाटतं, बॉल हातात असेपर्यंत त्या मैदानात सगळं त्याच्या मनावर चालायचं. साहेब असो, सरदार असो, कुणीही असो, बाळूनं टाकलेल्या बॉलला सामोरं जावंच लागे. दूर हो म्हणून सांगायची सोय नव्हती. उलट दांडी उडाली की साहेबालाच खाली मान घालून बाजूला व्हावं लागायचं.

साताऱ्याच्या गोऱ्यांच्या क्लबाशी सामना ठरला, तेव्हा त्यांनी बाळूची एवढी धास्ती घेतली की आठवडाभर पीचवर रोलर फिरवून ते दगडासारखं करून ठेवलं, बॉल वळूच नये म्हणून. बाळूनं सात विकेट काढल्या! पुण्याला परतल्यावर जाहीर समारंभात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांनी त्याला हार घातला. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायला काय हरकत आहे, असं रानडे त्या वेळी म्हणाल्याचं सांगतात.

१८९६ च्या सुमारास, प्लेगच्या धामधुमीत, बाळू मुंबईला आला. रेल्वेत नोकरी लागली आणि हिंदू जिमखान्याकडून खेळणं सुरू झालं. तिथेही आधी खळखळ झालीच. कीर्तिकर नावाच्या कप्तानानं ती मोडून काढली. मुंबईचं वारं जरा वेगळं. काही वर्षांत जिमखान्यात बाळू आणि शिवराम इतरांच्या पंगतीला बसू लागले. कायदा नाही, मोर्चा नाही. विकेट मात्र ढीगभर.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा मोठा सामना झाला. हिंदूंच्या २४२ आणि १६० धावा, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. वंगभंगाचे दिवस ते. वर्षभरापूर्वीच जपाननं रशियाला हरवलेलं. गोऱ्याला हरवता येतं, हे लोकांनी मुंबईच्या मैदानावर डोळ्यांनी बघितलं, आणि ते बघायला मिळालं त्यात दोन पालवणकर भावांचा वाटा होता.

१९११ मध्ये भारताचा संघ इंग्लंडला गेला. पतियाळाचे महाराज कप्तान, पण त्यांना क्रिकेटपेक्षा मेजवान्यांचं आणि राज्यारोहणाच्या सोहळ्याचं काम जास्त. बाळू तेव्हा पस्तिशीचा. परकी हवा, थंड, ओलं मैदान, बोटं गारठलेली. संघ बहुतेक सामने हरला, तेवीसपैकी सहाच जिंकला. पण बाळूनं त्या दौऱ्यात ११४ विकेट काढल्या! सॉमरसेटच्या सामन्यात शिवरामनं नाबाद शतक ठोकून सामना जिंकून दिला. घरातल्या दुसऱ्या पोराला बॅट मिळाली होती, आणि त्यानं तिचं सोनं केलं. बाळू परत आला तेव्हा मुंबईत दलित समाजानं त्याचा सत्कार केला. त्यात मानपत्राच्या कामात पुढे होता एक विशीतला कॉलेजकुमार, भीमराव आंबेडकर.

इतकं सगळं झालं, पण हिंदू संघाची कप्तानी बाळूला मिळाली नाही. एवढी वर्षं सगळ्यांत जास्त राबला तो, पण नाव पुढे यायचं दुसऱ्याचं. एम. डी. पै कप्तान झाले तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितलं होतं की हा मान बाळूचा आहे. १९२० साली तर कहर झाला. बाळूला संघातूनच वगळलं. तेव्हा शिवराम आणि सगळ्यांत धाकटा विठ्ठल, हे दोघे भाऊ संघातून बाहेर पडले, आणि का बाहेर पडलो हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं. पुष्कळ लोक त्यांच्या बाजूनं उभे राहिले. अंतिम सामन्यासाठी बाळूला परत बोलवावं लागलं, उपकप्तान म्हणून. त्या सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, तेव्हा फिल्डिंग लावली ती बाळूनं. चाळिशी उलटून गेलेल्या बाळूला मिळालेली कप्तानी ती एवढीच.

तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल हिंदू संघाचा कप्तान झाला. आणि संघ जिंकला. त्या विठ्ठलाला क्रिकेटची वाट दाखवली ती थोरल्या बाळूनंच. आईला जे मिळालं नाही ते लेकीला मिळतं तेव्हा आईचा चेहरा कसा होतो, ते आपण लग्नाकार्यात नाही, पण दहावीच्या निकालाच्या दिवशी बघतो. तसाच काहीसा बाळूचा झाला असेल.

खेळ थांबल्यावर तो राजकारणात ओढला गेला. १९३२ च्या पुणे करारावर त्याची सही आहे. आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसनं त्याला मुंबईत उभं केलं ते कुणाविरुद्ध, तर डॉ. आंबेडकरांविरुद्ध! तरुणपणी ज्यानं बाळूचा सत्कार केला, त्याच्याच समोर. बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली, बाळूला ११,२२५. बाळू हरला. हे मला आवडत नाही, खरं सांगते. मोठ्या लोकांनी आपल्या डावात त्याला पुन्हा एकदा बॉलिंगच टाकायला लावली, असं मला वाटतं. काही जण म्हणतील, त्याची मतं त्याची होती. तेही असेल. गांधीजींवर त्याची श्रद्धा होती, हे तर खरंच.

प्रथम श्रेणीचे ३३ सामने आणि १७९ विकेट, एवढी त्याची कागदावरची कमाई. भारताला कसोटीचा दर्जा मिळून पहिली कसोटी झाली १९३२ मध्ये, तेव्हा तो छप्पन्न-सत्तावन्न वर्षांचा. जुलै १९५५ मध्ये मुंबईत तो वारला.

तर मी मेरेवर उभी होते. उन्हं कलली होती, सोनवीवरून गार वारा येत होता. एक ठमकी मुलगी बॉलिंग टाकत होती, तीही डावखुरी! तिचा एक बॉल कुणाला कळलाच नाही, तो घरंगळत माझ्या पायाशी आला. मी उचलला. दवानं ओला, केस झिजलेला. बोटं आपोआप शिवणीवर गेली. मी परत फेकला, तर पोरींनी मला थेट विचारलंच, काकी, बॅटिंग करणार का.

मी पर्स मेरेवर ठेवली, पदर खोचला, चपला काढल्या. धसकटं तश्शीच टोचतात हो अजून. पहिल्याच बॉलला माझी दांडी उडाली. पण पोरी मनानं मोठ्या. तो ट्राय बॉल होता म्हणाल्या, आणि मला पुन्हा उभं केलं.